पिशवीतली तीस मिनिटं

उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहात, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठावर किटीवेक पक्ष्यांचा एक कडा आहे. नॉर्वेजियन भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'किटीवेकचा डोंगर' असा होतो. किटीवेक हा कुरव पक्ष्यांचा समुद्रावरच आयुष्य काढणारा धाकटा भाऊबंद, वजन जेमतेम ४०० ग्रॅम. समुद्री पक्ष्यांच्या अंगात साठलेल्या प्रदूषकांनी त्यांच्या ताणाच्या संप्रेरकाचं काय होतं, ते शोधायला संशोधक इथे येतात. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याच्या गळ्यात फास अलगद अडकवून त्याला खाली उतरवतात. फास बांधलेला असतो तो एकात एक सरकणाऱ्या गळाच्या काठीला. पक्षी हातात आला की घड्याळ सुरू. तीन मिनिटांच्या आत पंखाखालच्या शिरेतून पहिलं रक्त घ्यायचं. मग पक्षी कापडी पिशवीत. तीस मिनिटांनी दुसरं रक्त. या तीस मिनिटांत पिशवी दगडाच्या आडोशाला ठेवलेली असते. सुरुवातीला थोडी धडपड, पायाच्या नख्यांची कापडावर खरखर, आणि मग काहीच नाही. पिशवी गप्प होते. बघणाऱ्याला हायसं वाटतं, बरं झालं, सावरला एकदाचा. पण नेमक्या त्याच वेळी बहुतेक पक्ष्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, कितीतरी पटींनी चढत असतं. काहींच्या रक्तात मात्र ते चढायला हवं तेवढं चढत नाही. बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच शांत दिसतात.

ती न चढलेली पातळी मला जास्त छळते.

तीन मिनिटांचा हट्ट का, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पक्ष्याला धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पियूषिका ग्रंथीला निरोप जातो, पियूषिका एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीला जाऊन भिडलं की तिथे कॉर्टिकोस्टेरॉन तयार होऊ लागतं. 'तयार होऊ लागतं' हे महत्त्वाचं. अ‍ॅड्रेनलिनसारखा साठा करून ठेवलेला नसतो. कोलेस्टेरॉलपासून दर वेळी नव्याने घडवावं लागतं. या घडणावळीला लागणारा वेळ म्हणजेच आपल्या हातातली तीन मिनिटं. तेवढ्यात घेतलेलं रक्त पक्षी पकडण्याआधी कसा होता ते सांगतं, त्यानंतरचं रक्त आपल्याबद्दल सांगू लागतं. आता हे प्रत्यक्षात किती प्रकारांनी बिघडू शकतं बघा. कड्यावर चढताना शेजारच्या घरट्यातला पक्षी पाच मिनिटं आधीच आपल्याला बघून बिचकलेला असतो, आणि पुढचा नंबर नेमका त्याचाच लागतो. शीर निसटते, सुई दुसऱ्यांदा टोचावी लागते, कातडीखाली रक्त साकळतं आणि घड्याळ चार मिनिटांवर जातं. असा नमुना मूळ पातळीच्या हिशोबातून बाजूला काढायचा असतो, मोह झाला तरी. सिरिंजमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेलं हेपॅरिन जरा जास्त राहिलं तर नमुना पातळ होतो. रक्त जोरात ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तद्रव गुलाबी पडतो. पिशवी उन्हात राहिली तर तीस मिनिटांनंतरचा आकडा पकडण्याच्या भीतीचा की उकाड्याचा, हे कुणीच सांगू शकत नाही. सकाळचे काही पक्षी आणि संध्याकाळचे काही एकत्र मिसळले तरी घोटाळा, कारण हे संप्रेरक दिवसाच्या चक्राप्रमाणेही वरखाली होतं. आणि या सगळ्यावर एक मर्यादा: शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही. किटीवेकच्या बाबतीत ही कमाल मर्यादा म्हणजे सुमारे चार मिलिलिटर. सगळे प्रश्न तेवढ्यालाच विचारायचे.

म्हणून त्या थोड्याशा रक्ताची वाटणी फार जपून होते. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर पिवळसर रक्तद्रव आणि खाली तांबड्या पेशी असे दोन थर पडतात. रक्तद्रवातून संप्रेरकं मोजतात, आणि पीसीबी ही कारखान्यांतली चिवट रसायनं, डीडीटीपासून उरलेलं डीडीई, क्लोर्डेन या कीटकनाशकाची रूपं अशी चरबीच्या संगतीने फिरणारी रसायनंही त्यातच मोजतात. पारा मात्र खालच्या थरात सापडतो, कारण मिथिल पारा, म्हणजे अन्नातून अंगात येणारं पाऱ्याचं रूप, प्रथिनांना चिकटतो आणि रक्तातला त्याचा बहुतेक वाटा तांबड्या पेशींमध्येच असतो. त्याच पेशींतल्या डीएनएवरून नर की मादी तेही कळतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, ही इथे मोठीच सोय, कारण किटीवेकचे नर-मादी नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाहीत. कॉर्टिकोस्टेरॉनच्या मोजणीला रक्तद्रवाचे काही थेंब पुरतात. पीसीबीच्या मोजणीला त्याहून बरंच जास्त लागतं. त्यामुळे अशा अभ्यासांत पक्ष्यांची संख्या कायम चाळीस-पन्नासच्या घरात अडकलेली दिसते. ही आळशीपणाची खूण समजू नये. जिवंत पक्षी घरट्यावर परत जायला हवा, या अटीची ती किंमत आहे.

हे विष तिथवर कसं पोहोचतं, ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. पीसीबी १९२९ पासून कारखान्यांत बनू लागलं, ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटरच्या तेलात गेलं, आणि त्याच्या २०९ रूपांपैकी जी सर्वांत चिवट होती ती हवेने-पाण्याने थंड प्रदेशांकडे सरकत राहिली: उष्ण ठिकाणी उडायचं, गार ठिकाणी बसायचं, पुन्हा उडायचं. अशा चिवट रसायनांना आवर घालणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला, २००४ पासून लागू झाला. पाऱ्यासाठीचा मिनामाता करार २०१३ मधला, तो २०१७ मध्ये अमलात आला. काही जुन्या रसायनांची पातळी तेव्हापासून खरोखर उतरली आहे. पण समुद्री पक्षी वीस-तीस वर्षं जगतात, अन्नसाखळीत वरच्या पायरीवर जेवतात, आणि अंगात चरबी साठवतात. प्रदूषकाला याहून सोयीचं घर मिळणं कठीण.

मग या रसायनांनी ताणाचं संप्रेरक वाढतं की घटतं? इथे सरळ उत्तराची अपेक्षा ठेवणारा वाचक थोडा खट्टू होणार आहे. नॉर्वेच्या ब्यॉर्नओया बेटावरच्या ग्लॉकस कुरवांमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. हा पक्षी इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लंही खातो, त्यामुळे त्याच्या अंगात साठणारं विष किटीवेकपेक्षा खूपच जास्त. ज्यांच्या रक्तात अशी रसायनं अधिक, त्यांची कॉर्टिकोस्टेरॉनची मूळ पातळी वरची होती. आणि नरांमध्ये, पकडल्यानंतरचा चढ मात्र मंदावलेला होता. म्हणजे एरवी काही घडत नसताना दिवा मिणमिणत राहतो, आणि खरी गरज पडते तेव्हा पुरता पेटत नाही. स्वालबार्डच्या किटीवेक माद्यांमध्ये अंडी घालण्याआधीच्या काळात उलटं दिसलं: पीसीबी जास्त, तर पकडल्यानंतरचा चढही जास्त. रसायनं त्याच कुळातली, दोन्ही पक्षी कुरवच, समुद्रही एकाच उत्तरेचा. तरी एकीकडे उतार, दुसरीकडे चढ.

याला विसंगती म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. निरोपाच्या या साखळीत कड्या अनेक आहेत आणि विष कुठल्या कडीवर बसतं त्यावर निकाल ठरतो. हायपोथॅलॅमसवर, पियूषिकेवर, ग्रंथीतल्या कोलेस्टेरॉलच्या वाहतुकीवर, संप्रेरक घडवणाऱ्या विकरांवर, रक्तात ते वाहून नेणाऱ्या प्रथिनावर, यकृतात ते मोडून टाकणाऱ्या यंत्रणेवर. पीसीबी यकृताची मोडतोडीची विकरं वाढवतं, हे जुनं ज्ञान आहे. तसं झालं तर ग्रंथी नेहमीइतकंच काम करत असूनही रक्तातला आकडा खाली दिसू शकतो. थेट ग्रंथीवरच घाव घालणारी रसायनंही आहेत, आणि त्यांचा पुरावा औषधाच्या कपाटात आहे. १९४९ साली डीडीटीचंच भावंड असलेलं डीडीडी कुत्र्यांना खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर अक्षरशः आटून गेलेला आढळला. त्यातूनच पुढे मायटोटेन हे औषध आलं. अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगावर ते आजही देतात. जो गुण रुग्णासाठी मुद्दाम वापरला जातो, त्याच जातकुळीचे रेणू समुद्रावरच्या पक्ष्याच्या चरबीत न मागता साठलेले असतात. डीडीई आणि पीसीबी यांच्यापासून शरीरातच बनणारी मिथिल सल्फोन रूपंही अशीच. त्यांतलं डीडीईपासून झालेलं एक रूप तर ग्रंथीतल्या संप्रेरक घडवणाऱ्या विकराकडूनच 'जागं' होतं आणि मग तिथल्याच पेशी मारतं. स्वतःच्या कामाच्या हत्याराने ग्रंथी जखमी होते.

कुठली कडी बिघडली हे शोधायची एक नेटकी रीत आहे. तीस मिनिटांच्या रक्तानंतर काही पक्ष्यांना बाहेरून एसीटीएच टोचतात. ग्रंथीला वरचा निरोप भरपूर मिळाला, तर ती जास्तीत जास्त किती संप्रेरक देऊ शकते, ते त्यातून कळतं. पकडल्यानंतरचा चढ कमी, पण एसीटीएच दिल्यावर भरपूर, तर ग्रंथी धडधाकट आहे, गोंधळ वर मेंदूकडे आहे. दोन्ही कमी, तर ग्रंथीच थकली आहे. उलट दिशेची चाचणी डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉनसारखंच भासणाऱ्या कृत्रिम औषधाची: ते टोचलं की निरोगी शरीर 'पुरे झालं' समजून आपलं कॉर्टिकोस्टेरॉन खाली आणतं. जे शरीर आणत नाही, त्याचा ब्रेक सैल आहे. स्वालबार्डच्या त्या किटीवेक माद्यांना एसीटीएच दिल्यावरही जास्त पीसीबीवाल्या माद्यांचा आकडा वरच गेला. म्हणजे त्यांची ग्रंथी मेलेली नव्हती. ती अतिसंवेदनशील झालेली होती.

पण आकडे वरखाली झाले म्हणून पक्ष्याचं बिघडतं काय?

कॉर्टिकोस्टेरॉनला 'ताणाचं संप्रेरक' म्हणण्याने त्याच्यावर थोडा अन्याय होतो. साठवलेली चरबी आणि प्रथिनं मोकळी करणं, भूक लावणं, लांब उड्डाणाला बळ देणं ही त्याची रोजची कामं. संकटात ते आणखी एक काम करतं: पक्ष्याला निवड करायला लावतं. वीस वर्षं जगणाऱ्या जीवाला एका उन्हाळ्याचं अंडं गमावणं परवडतं, स्वतःचा जीव नाही. म्हणून मासे मिळेनासे झाले, वादळ लांबलं, की कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, पिल्लांची माया टिकवून धरणारं प्रोलॅक्टिन उतरतं, आणि पक्षी घरटं सोडून समुद्राकडे निघतो. माणसाला हे निर्दय वाटेल; पक्ष्याच्या हिशोबात ते शहाणपण आहे. आता या हिशोबात विष शिरलं तर? अंटार्क्टिकातल्या आदेली लँडवर स्नो पेट्रेल पक्ष्यांचा असाच अभ्यास झाला. हा पूर्ण पांढरा पक्षी एकच अंडं घालतो आणि जोडीदार आलटून पालटून ते दीड महिन्याच्या आसपास उबवतात. तिथेही चिवट सेंद्रिय प्रदूषकं जास्त, तर पकडल्यावरचा कॉर्टिकोस्टेरॉनचा चढ जास्त. आणि ज्या नरांच्या रक्तात प्रदूषकं अधिक, त्यांच्याकडून अंडं उघडं टाकून जाण्याची शक्यता अधिक. बर्फातल्या दगडांच्या खाचेत पडलेलं ते एक अंडं डोळ्यांसमोर आणून बघा. या जातीचं अंडं काही काळ गार पडलं तरी तग धरतं, पण वाढ लांबते आणि खाच लुटारू स्कुआंना मोकळी सापडते. नराला वाटलं, यंदा दिवस वाईट आहेत. दिवस कदाचित चांगले होते. समुद्रात मासे होते, हवा ठीक होती. वाईट बातमी त्याच्याच रक्तातून उठलेली होती.

आणि चढ मंदावलेल्या पक्ष्याचं उलटं. खरोखर वाईट वर्ष आलं तरी त्याला वेळेवर कळत नाही. चरबी मोकळी होत नाही, तो बसून राहतो. घरट्यावर चिकाटीने बसलेला असा पक्षी दुर्बिणीतून आदर्श पालक दिसतो.

पाऱ्याची वाट थोडी वेगळी. स्वालबार्डच्याच किटीवेकमध्ये रक्तातला पारा जास्त असलेल्या पक्ष्यांनी त्या वर्षी अंडी न घालण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि तिथे गडबड प्रजननाला चालना देणाऱ्या पियूषिकेच्या संप्रेरकात दिसली. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे द्वीपसमूहातल्या पझेशन बेटावरच्या वाँडरिंग अल्बाट्रॉसमध्ये पारा वाढला तशी यशस्वी विणीची शक्यता घटली, पण मोठ्या पक्ष्यांच्या जगण्यावर परिणाम आढळला नाही. म्हणजे आकाशात अल्बाट्रॉस तेवढेच दिसत राहतात. कमी पडतात ती पिल्लं, आणि ते लक्षात यायला वर्षं लागतात.

आता या विषयातला सर्वांत अवघड फास, आणि प्रामाणिक माणसाला इथेच थांबून विचार करावा लागतो. पीसीबी चरबीत राहतं. पक्षी उपाशी राहिला की चरबी वितळते आणि पीसीबी रक्तात येतं. उपासाने कॉर्टिकोस्टेरॉनही चढतं. मग दोन्ही आकडे एकत्र वर गेलेले पाहून 'पीसीबीमुळे संप्रेरक चढलं' म्हणायचं, की 'भुकेमुळे दोन्ही चढलं' म्हणायचं? आयडर बदकाची मादी हे उघड करून दाखवते. ती अंड्यांवर बसली की साधारण पंचवीस दिवस जवळजवळ काहीच खात नाही, तिचं वजन झपाट्याने उतरतं, आणि बसायला लागल्याच्या दिवसांतलं रक्त आणि शेवटच्या दिवसांतलं रक्त यांत पीसीबीचं प्रमाण कितीतरी पट वाढलेलं असतं. बाहेरून एक कणही नवीन आलेला नसतो. म्हणून रक्तद्रवातली चरबी वेगळी मोजावी लागते, पक्ष्याचं वजन त्याच्या हाडांच्या मापाशी ताडून बघावं लागतं, विणीच्या एकाच टप्प्यातले पक्षी घ्यावे लागतात. तो अन्नसाखळीच्या कुठल्या पायरीवर जेवतो हे नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून काढावं लागतं, कारण मोठे मासे खाणारा पक्षी जास्त विषारीही असतो आणि कदाचित जास्त पटाईत शिकारीही. हे सगळं करूनही नातं उरलं, तरच त्यावर बोलावं. माझा विश्वास बसतो तो असं करून उरलेल्या नात्यांवर. एका हंगामातल्या, एकदाच घेतलेल्या रक्तावरच्या ठाम विधानांवर बसत नाही.

पिसांमधून हे सगळं न टोचता वाचता येईल, अशी आशा अनेकांनी धरली. वाढत्या पिसाला रक्तपुरवठा असतो, त्या दिवसांतलं कॉर्टिकोस्टेरॉन पिसात बसतं, पीस पूर्ण झालं की शीर सुकते आणि नोंद बंद होते. पाराही पिसातच जातो. अंगातल्या पाऱ्याचा ७० ते ९० टक्के भाग पक्षी पिसांवाटे बाहेर टाकतो. मग एकच पीस कापून दोन्ही मोजलं की झालं? तसं होत नाही. पिसातला पारा हा मागच्या पीसगळीपासून अंगात साठलेला असतो आणि पहिल्या उगवणाऱ्या पिसांत तो सर्वाधिक उतरतो, पुढच्या पिसांत कमी होत जातो. कॉर्टिकोस्टेरॉन मात्र ते पीस उगवत होतं त्या दोन-तीन आठवड्यांचं. एकाच पिसात दोन वेगळ्या काळांची पत्रं ठेवलेली. संग्रहालयातल्या जुन्या पक्ष्यांच्या बाबतीत आणखी एक जपणूक लागते: कातडी टिकावी म्हणून कधीकाळी पाऱ्याची संयुगं चोळलेली असतात. म्हणून एकूण पारा न मोजता मिथिल पारा मोजायचा, कारण तो पक्ष्याने स्वतः खाल्लेला असतो.

पुन्हा त्या कड्यापाशी. तीस मिनिटं झाली. पिशवीचं तोंड मोकळं होतं, दुसऱ्यांदा रक्त निघतं, कापसाचा बोळा शिरेवर दाबून धरतात, पायात कडं नसेल तर घालतात, चोच आणि पंखाची मापं, वजन. मग हात उघडतो. पक्षी एकदा खाली झेपावतो आणि खाडीच्या पाण्यावरून वळसा घेऊन दिसेनासा होतो. नळीवर घातलेल्या आकड्याखेरीज त्याचं तिथे काही उरत नाही. तो आकडा महिन्यांनी दूरच्या प्रयोगशाळेत एका ओळीत बसेल: मूळ पातळी, तीस मिनिटांनंतरची, पीसीबी, पारा. पण त्या ओळीतला शेवटचा रकाना कड्यावरच भरायचा असतो. दर काही दिवसांनी त्याच लांब काठीला या वेळी फासाऐवजी छोटा आरसा लावून ती घरट्यावर धरतात, आणि खालून मान वर करून आत बघतात. चिखल, शेवाळ आणि गवताची ती वाटी आरशात थरथरत असते, हात स्थिर होईपर्यंत काही दिसत नाही. मग दिसतं: कधी दोन अंडी, कधी एक, कधी नुसतं सुकलेलं गवत.